दुव्याला दुवा : जालसूच्यांशी केलेल्या देवघेवीने संकेतस्थळाचा लाभ होतो काय? (थ्रेड)

गडकोटांची छायाचित्रे, मोडी कागदपत्रे, ताम्रपटांची वाचने असे काही आंतरजालावर मांडणाऱ्या लहानशा संकेतस्थळाच्या चालकाला एक पत्र हटकून येते. ‘आमच्या सूचीत आपले संकेतस्थळ नोंदवू, आपण मुखपृष्ठावर आमचा दुवा द्यावा; शोधयंत्रातील दोघांचाही क्रमांक वर जाईल.’ कधी त्यासोबत किरकोळ शुल्काची मागणी असते, कधी एकदम पाचशे सूच्यांत नोंद करून देण्याचे आमिष. पत्र आजचे असले तरी त्यातील युक्तिवादाचे वय पंचवीस वर्षांच्या आसपास आहे. तो युक्तिवाद कोठून आला, एके काळी त्यात तथ्य का होते आणि ते कसे आटले, हे पाहू. थ्रेड दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

१९९१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेच्या बाहेर पडली, तेव्हा शोधयंत्र नावाची वस्तूच नव्हती. जगात कोणकोणते सर्व्हर चालू आहेत याची यादी टिम बर्नर्स-ली स्वतः ठेवीत. त्याच यादीतून विषयवार विभागलेली ‘वर्ल्ड वाइड वेब व्हर्च्युअल लायब्ररी’ उभी राहिली. एकेका विषयाची जबाबदारी एकेका जाणकाराने स्वेच्छेने उचलायची, अशी तिची पद्धत होती. जालसूचीचा हा मूळ अवतार ग्रंथपालाच्या वृत्तीचा होता, व्यापाऱ्याच्या नव्हे. हे लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी घसरण याच उंचीवरून झाली.

जानेवारी १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीत पीएच. डी. करणारे जेरी यांग आणि डेव्हिड फिलो हे आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी करू लागले. यादी लांबली तसे तिचे वर्ग झाले, वर्गांचे उपवर्ग झाले. त्याच वर्षी तिला ‘याहू’ हे नाव मिळाले आणि १९९५ मध्ये तिची कंपनी झाली. वर्गीकरणाची घडी बसवण्यासाठी श्रीनिजा श्रीनिवासन या तज्ज्ञ बाई नेमल्या गेल्या. कोणते संकेतस्थळ कोणत्या खणात ठेवायचे, हे पगारी माणसे एकेक पान उघडून ठरवीत. याहूत नोंद होणे म्हणजे कोणा डोळस माणसाने तुमचे पान पाहिले आहे, अशी ती पावती होती.

त्या काळात सूचीतील नोंदीने लाभ होतो काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. बाजारपेठेच्या वेशीवर दुकानाची पाटी असावी की नसावी, असे कोण विचारतो? वाचक सूचीतूनच येत. क्रमांक, गुण, अधिकार यांचा संबंध नव्हता. संबंध होता तो पाहुण्यांशी.

ज्यांना याहूच्या वेशीतून प्रवेश मिळत नव्हता, त्यांनी आपापसात वाटा काढल्या. १९९५ मध्ये ऑरेगॉन राज्यातील सेज वाइल या किशोरवयीन मुलाने ‘वेबरिंग’ सुरू केले. एका विषयाची संकेतस्थळे माळेतील मण्यांसारखी जोडायची. ‘पुढचे’ दाबले की दुसऱ्याच्या घरी जायचे, आणि असेच फिरत फिरत मूळ ठिकाणी परत यायचे. १९९६ मध्ये टोनी शे आणि संजय मदन यांनी ‘लिंकएक्स्चेंज’ काढले. त्याचा हिशेब मोठा बोलका आहे. तुम्ही आपल्या पानावर दुसऱ्यांच्या जाहिरातपट्ट्या दोन वेळा दाखवायच्या, तेव्हा तुमची पट्टी एकदा दुसरीकडे दिसायची. उरलेली जागा कंपनी विकायची. नोव्हेंबर १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. देवघेव बरोबरीची दिसते, पण तिच्यात मध्यस्थाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो. हाच नमुना पुढे सूच्यांच्या बाजारात पुन्हा भेटेल.

आपल्याकडेही सूच्यांचे मोल त्याच सुमारास कळले होते. मुंबईच्या राजेश जैन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियावर्ल्ड’च्या छत्राखाली ‘समाचार’, ‘खेल’, ‘बावर्ची’ यांच्या जोडीला ‘खोज’ ही भारतीय संकेतस्थळांची सूची होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सारा संसार ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. वेशीच्या जागेला तेव्हा केवढा भाव होता, याचा हा मासला.

आता कथेतील खरे वळण. त्यासाठी थोडे मागे, ग्रंथालयात जावे लागते.

१९५५ मध्ये युजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली : कोणत्या शोधनिबंधाने कोणाचा आधार घेतला, याचीच सूची करावी. १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आला. ज्या निबंधाचा उल्लेख पुढचे अनेक संशोधक करतात तो महत्त्वाचा, हा विचार त्यातून दृढ झाला. स्टॅनफर्डमध्येच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ पासून तोच विचार आंतरजालाला लावला. एका पानाने दुसऱ्याचा दुवा दिला की ते एक मत. शिवाय सगळी मते सारखी नव्हेत. ज्याला स्वतःला पुष्कळ मते आहेत त्याचे मत वजनदार. हाच ‘पेजरँक’, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगल कंपनीचा हा पाया.

त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनी आणखी बारीक विचार केला. त्यांच्या मते पाने दोन प्रकारची : एक, ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ती अधिकारी पाने, दुसरी, जी योग्य दिशेने बोट दाखवतात ती. चांगली जालसूची ही दुसऱ्या प्रकारातली. म्हणजे सूचीच्या साक्षीला आता गणिती प्रतिष्ठाही लाभली.

येथे आपल्या शास्त्राची आठवण येणे स्वाभाविक आहे. साधनचिकित्सेत आपण पहिला प्रश्न विचारतो तो असा : साक्ष देणाऱ्याला ती देण्यात काही स्वार्थ होता काय? जमाखर्चाच्या वहीत ओघाने आलेली नोंद बखरीतील गौरवापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, ती याचसाठी. वतनाच्या तंट्यात पक्षकाराने स्वतःच आणलेल्या कागदाकडे आपण जरा डोळे बारीक करूनच पाहतो. पेजरँकचे सारे बळ एका गृहीतावर उभे होते : दुवा देणारा सहज, वाचकाच्या सोयीसाठी दुवा देतो; आपल्या दुव्याची मोजणी होत आहे हे त्याला ठाऊक नसते. १९९८ पूर्वी हे गृहीत बव्हंशी खरे होते. मोजणी जाहीर झाली आणि साक्षीदार सावध झाले.

पेजरँकच्या जनकांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. १९९८ च्या त्यांच्या निबंधात दुवे विकत घेतले जाण्याची शक्यता त्यांनी नोंदवलेली आहे. मात्र दुव्याला पैसे पडत असल्याने हा प्रकार आटोक्यात राहील, असा त्यांचा कयास होता. पैसा नसेल तर माणसे वस्तुविनिमय करतात, ही अर्थशास्त्राच्या इतिहासातली जुनी गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली असावी.

डिसेंबर २००० मध्ये गूगलने ब्राउझरला जोडायची एक पट्टी प्रसृत केली. तिच्यात प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा हिरव्या रेघेने दिसे. माझ्या मते या प्रकरणातली निर्णायक तारीख हीच. तोवर गुण होते, पण ते कोणाला दिसत नव्हते. आता प्रत्येक दुव्याच्या कपाळावर भाव लिहिला गेला. ‘माझे पान चारचे, तुमचे पाचचे, तेव्हा तुम्ही एक दुवा द्या, मी दोन देतो,’ अशा वाटाघाटी होऊ लागल्या. विनिमयाची पत्रे आपोआप धाडणारी सॉफ्टवेअरे निघाली. आणि मुख्य म्हणजे नव्या जालसूच्यांचे पीक आले, ज्यांना वाचक नव्हतेच. त्या वाचण्यासाठी नव्हत्या, मोजल्या जाण्यासाठी होत्या. त्यांची अट ठरलेली : आधी आमचा दुवा लावा, मग तुमची नोंद.

या व्यवहाराचे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. मूळ सूत्रात पान आपल्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पुढे देते आणि तो त्या पानावरील सगळ्या दुव्यांत समान वाटला जातो. समजा, सूचीच्या पानाचे वजन आणि तुमच्या मुखपृष्ठाचे वजन सारखेच आहे. सूचीच्या पानावर १०० दुवे आहेत. तुमच्या वाट्याला ०.८५ भागिले १००, म्हणजे ०.००८५ येते. तुमच्या मुखपृष्ठावर १० दुवे आहेत. सूचीला मिळतात ०.०८५. दहापट! त्यातही तुमची नोंद सूचीच्या मुखपृष्ठावर नसते, ती असते सहाव्या पायरीवरच्या उपवर्गात, जेथे वजन जवळपास संपलेले असते. आणि सूचीचा हा सौदा एकट्या तुमच्याशी नसतो, हजारोंशी असतो. थेंब वाटायचे आणि ओंजळी गोळा करायच्या. म्हणजे जेव्हा ही युक्ती चालत होती, तेव्हाही तिचा मोठा लाभ सूचीच्या मालकालाच होता.

या बाजाराला कायद्याची धार लागली ती ओक्लाहोमा राज्यात. बॉब मासा यांची ‘सर्चकिंग’ ही कंपनी जालसूच्या आणि संकेतस्थळे चालवीत असे. ऑगस्ट २००२ मध्ये तिने एक उघड दलाली सुरू केली : जास्त पेजरँक असलेल्या संकेतस्थळांवर पैसे भरून दुवे लावून देणे. काही दिवसांतच सर्चकिंगच्या मुखपृष्ठाचा पेजरँक आठवरून चारवर आला. ऑक्टोबर २००२ मध्ये कंपनीने गूगलवर दावा ठोकला : हे मुद्दाम केले, त्याने आमचा धंदा बुडाला.

मे २००३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. कारण मोठे विचारप्रवर्तक आहे. पेजरँक हे अमुक पान किती महत्त्वाचे याविषयीचे गूगलचे मत आहे. मत खरे की खोटे हे सिद्ध करता येत नाही, आणि मत मांडण्याच्या स्वातंत्र्याला अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे. ते हेतुपुरस्सर बदलले असले तरीही. दुव्यांच्या व्यापाऱ्यांना त्यातून कळायचे ते कळले. ज्या नाण्यात आपण व्यवहार करतो ते नाणे टांकसाळ हवे तेव्हा रद्द करू शकते, आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा नाही.

आता दुसरी बाजू, जी मला या इतिहासात सर्वांत लक्षणीय वाटते.

जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी सूची काढली. तिचे नाव आधी ‘ग्नूहू’, मग ‘न्यूहू’. त्याच वर्षी ती नेटस्केपने घेतली आणि ती ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ झाली. पत्त्यावरून लोक तिला ‘डीमॉझ’ म्हणत. येथे नोंद विनामूल्य होती आणि बदल्यात दुवा देण्याची अट नव्हती. तिची सारी माहिती कोणालाही उतरवून घेता येत असे. मार्च २००० मध्ये गूगलने स्वतःची सूची काढली, तीही याच माहितीवर. तशाच लहानमोठ्या असंख्य नकला निघाल्या. त्यामुळे डीमॉझच्या एका संपादकाने तुमचे पान स्वीकारले की ती नोंद शेकडो ठिकाणी उमटे. दुवे मोजण्याच्या युगात हा एकच निर्णय सोन्याचा झाला, आणि साहजिकच संपादकांवर दबाव आला. अर्ज महिनोन्महिने पडून राहत. काही संपादक आपल्याच धंद्याची संकेतस्थळे पुढे सरकवतात, प्रतिस्पर्ध्यांची अडवतात, असे आरोपही झाले.

याहूनेही परतीचा दुवा कधी मागितला नाही. तिने पैसे मागितले : व्यापारी संकेतस्थळांना वर्षाला २९९ डॉलर. त्यात नोंदीची हमी नव्हती. तपासणी तेवढी होणार होती.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. ज्या दोन सूच्यांच्या नोंदीला खरोखर वजन होते, त्यांपैकी एकीनेही ‘आमचा दुवा लावा’ ही अट घातली नाही. त्यांना त्याची गरजच नव्हती. ज्यांनी अट घातली, त्यांची अटच त्यांच्या कफल्लकपणाची कबुली होती. मराठी नियतकालिकांत ‘साभार पोच’ असे सदर असते. आलेल्या पुस्तकांची नुसती नावे तेथे छापतात. ती यादी पाहून कोणी पुस्तकाचा दर्जा ठरवीत नाही. त्यासाठी परीक्षण लागते. विनिमयाच्या सूच्या ‘साभार पोच’ला परीक्षणाचे मोल मागत होत्या.

पुढचा घटनाक्रम भराभर सांगता येईल. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जालावरील गैरप्रकारांचे वर्गीकरण मांडले. त्यात दुव्यांची देवघेव आणि सूच्यांच्या नकला या दोहोंना स्वतंत्र स्थान होते. जानेवारी २००५ मध्येच गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली : दुवा आहे, पण तो मत म्हणून धरू नये. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आणि २००६ मध्ये गूगलच्या बदलांनी परस्परदुव्यांचे मोल बरेच उतरवले. लोकांनी मग त्रिकोणी देवघेव शोधली : अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला. यंत्राला हा त्रिकोण ओळखणे मुळीच अवघड नव्हते. ऑक्टोबर २००८ मध्ये गूगलच्या मार्गदर्शक सूचनांतून ‘आपले संकेतस्थळ सूच्यांत नोंदवा’ हा सल्लाच गळाला. तोवर याहू आणि ओपन डिरेक्टरी यांची नावे तेथे आदराने घेतली जात.

२४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू झाला. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे गूगलने सांगितले. आकडा लहान वाटतो, पण ज्यांचा सारा डोलारा असल्या दुव्यांवर होता त्यांचे वाचक एका रात्रीत आटले. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने ‘हे दुवे आमच्या खाती धरू नका’ असे कळवण्याची सोय दिली. मग जगाने एक विलक्षण दृश्य पाहिले. ज्यांनी पूर्वी विनवण्या करून, पैसे मोजून सूच्यांत नोंदी मिळवल्या होत्या, तेच आता त्याच सूच्यांना नोंदी काढण्यासाठी विनवू लागले. काही सूच्यांनी नोंद काढण्याचेही शुल्क लावले! २०१६ मध्ये पेंग्विन मूळ यंत्रणेत विलीन झाला. तेव्हापासून असले दुवे शिक्षेऐवजी बहुधा दुर्लक्षाला पात्र ठरतात. त्याच वर्षी पेजरँकची हिरवी रेघही लोकांसमोरून काढून घेण्यात आली. गूगलच्या आजच्या नियमावलीतही अतिरेकी दुवाविनिमय आणि हलक्या सूच्यांतील दुवे हे दोन्ही गैरप्रकारांच्या यादीत आहेत.

मग दोन संकेतस्थळांनी एकमेकांचे दुवे देणे हेच पाप झाले काय? नाही. नाण्यांवर लिहिणारा शिलालेखांवर लिहिणाऱ्याकडे वाचकाला धाडील आणि दुसराही पहिल्याकडे धाडील, हे नैसर्गिकच आहे. अभ्यासकांच्या जगात परस्परसंदर्भ असायचेच. यंत्रणेचा आक्षेप आहे तो ‘अतिरेका’ला आणि केवळ मोजणीसाठी केलेल्या सौद्याला.

मराठीतला अनुभवही येथे आठवतो. २००५ नंतरच्या दशकात मराठी अनुदिन्यांच्या कडेला ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या सूचींची बोधचिन्हे सर्रास दिसत. रूपाने तीही देवघेवच होती. पण त्या सूचीवर माणसे येत, आज कोणी काय लिहिले ते पाहत आणि दुव्यावरून लेखकाच्या घरी जात. मराठीत शोधण्याची सवय रुळण्यापूर्वीच्या त्या दिवसांत अनेक लेखकांना पहिले अनोळखी वाचक अशा वाटांनी मिळाले. शोधयंत्राने त्या दुव्याला किती गुण दिले, हा प्रश्न तेथे गौण होता.

तेव्हा तुमच्या संकेतस्थळाला असे पत्र आले तर त्या सूचीला एकच प्रश्न विचारावा : शोधयंत्रे नसती तरी ही नोंद मला हवी असती काय? विद्यापीठाच्या ग्रंथालयाची विषयवार साधनसूची, एखाद्या संशोधन मंडळाची दुव्यांची यादी, गावच्या वा व्यवसायाच्या खऱ्याखुऱ्या सूच्या यांचे उत्तर ‘होय’ असे येईल. तेथे नोंद अवश्य करावी. इंग्रजी विकिपीडियाने २००७ पासून बाहेरच्या दुव्यांना ‘नोफॉलो’ची खूण लावली आहे, म्हणजे मत म्हणून तो दुवा धरू नये असे तीच सांगते. तरीही तिच्या तळटीपेतून येणारा वाचक खरा असतो आणि बहुधा जिज्ञासूही. उलट पाळण्यातल्या नावांपासून कर्जापर्यंत सर्व विषय एकाच पानावर कोंबलेल्या, ‘आधी आमचा दुवा लावा’ म्हणणाऱ्या सूचीकडून आज वाचक येत नाही आणि गुणही मिळत नाहीत. पाचशे सूच्यांत नोंदीचे पैसे मागणाऱ्याला ते देऊ नयेत. तेवढ्या खर्चात चार कागदपत्रांचे नीट स्कॅन होतील, आणि त्यांचा दुवा कोणी ना कोणी न मागता देईल.

सूच्यांचे पुढे काय झाले, एवढे सांगायचे राहिले. गूगलने आपली सूची २०११ मध्ये बंद केली. याहूची सूची, जिच्यापासून ती कंपनी जन्मली, २०१४ च्या अखेरीस मिटली. डीमॉझचा सर्व्हर ऑक्टोबर २००६ मध्ये कोसळला होता आणि डिसेंबरपर्यंत संपादन ठप्प होते. त्यानंतर ती पूर्वीच्या जोमाने कधी उभी राहिली नाही. १७ मार्च २०१७ रोजी ती बंद झाली, तेव्हा तिच्यात सुमारे ३८ लाख संकेतस्थळे, १० लाखांहून अधिक वर्ग आणि ९० हजारांहून अधिक संपादकांच्या श्रमांची नोंद होती. २००० च्या आसपास माणसाने ज्ञानाचे खण कसे पाडले होते, हे पाहू इच्छिणाऱ्या उद्याच्या इतिहासकाराला ते अवशेष फार उपयोगी पडतील. डीमॉझच्या काही जुन्या संपादकांनी ‘कर्ली’ या नावाने ती सूची पुढे चालू ठेवली. तेथेही नोंदीसाठी परतीचा दुवा मागत नाहीत.